लोण्याचे भांडे : साठवण आणि पाठवण

दुधाचा जोडधंदा करणारा शेतकरी म्हशीच्या निवडीपासून वैरणीपर्यंत प्रत्येक गोष्टीची काळजी घेतो. घरातील बाईमाणूस विरजणाची वेळ चुकू देत नाही. रवी फिरत असताना ताकाची ऊब किती, पाणी केव्हा घालावे, गोळा केव्हा वर येईल, याकडे तिचे लक्ष असते. परंतु रवी थांबली आणि लोण्याचा गोळा हाती आला, की काम संपले अशी समजूत होते व तो गोळा जे भांडे जवळ असेल त्यात टाकला जातो. वास्तविक लोण्याची खरी परीक्षा येथूनच सुरू होते. डेऱ्यातून निघालेले उत्तम लोणी वाईट भांड्यात एका रात्रीत कवडीमोल होते. उलट योग्य भांड्यात, योग्य थंडीत ठेवलेले लोणी समुद्र ओलांडून परदेशी बाजारात भाव मिळविते. या भांड्याविषयी, म्हणजे लोणी साठविण्याच्या व पाठविण्याच्या साधनांविषयी, प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

या विषयाकडे माझे लक्ष एका चुकीमुळे वेधले, आणि ती चूक माझीच होती. काही वर्षांपूर्वी मी तालुक्यावर नुकताच रुजू झालो होतो. एका गावातील महिला बचत गटाने शहरातील एका मिठाईच्या दुकानाकडून २४ किलो लोण्याची मागणी मिळविली होती. एप्रिल महिना होता. लोणी तयार झाल्यावर गटाच्या भगिनींनी मला पाहावयास बोलाविले. मी लोणी चाखले, वास घेतला, धुण्याचे पाणी नितळ निघाले आहे की नाही हे पाहिले आणि ‘उत्तम’ असा अभिप्राय दिला. ते लोणी शेंगदाणा तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांत भरून रात्रीच्या एस.टी.ने रवाना झाले. डबे साबणाने व कढत पाण्याने धुतलेले होते, म्हणून त्यांच्याकडे मी वळूनही पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी दोन्ही डबे परत आले. लोणी विरघळून पुन्हा थिजले होते आणि त्यास जुन्या तेलाचा खवट वास येत होता. ते कढवून तूप केले, तरी वास गेला नाही. शेवटी ते दिवाबत्तीस लावावे लागले. गटातील सर्वांत वडील मावशी रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “साहेब, तुम्ही लोणी चाखलंत, पण डबा नाही हुंगलात.”

हिशेब करून पाहिला तर नुकसान लहान नव्हते. चांगल्या म्हशीच्या दुधात सरासरी सात टक्के स्निग्धांश धरला, तर घुसळण्यातील घट जमेस धरून एक किलो लोण्यास सुमारे बारा लिटर दूध लागते. म्हणजे २४ किलो लोण्याबरोबर पावणेतीनशे लिटरांहून अधिक दुधाचा स्निग्धांश वाया गेला. दहा-बारा घरांच्या गोठ्यातील कित्येक दिवसांचे श्रम दोन फुकट मिळालेल्या डब्यांनी गिळले.

लोणी का बिघडते ?

भांडे कसे असावे हे ठरविण्यापूर्वी लोणी का बिघडते हे समजून घेणे अवश्य आहे. लोणी म्हणजे निव्वळ स्निग्ध पदार्थ नव्हे. बाजारात विकल्या जाणाऱ्या खारवलेल्या लोण्यात कमीत कमी ८० टक्के स्निग्धांश व जास्तीत जास्त १६ टक्के पाणी असावे असा नियम आहे. हे पाणी अतिशय बारीक थेंबांच्या रूपाने स्निग्धांशात विखुरलेले असते. लोणी नीट धुऊन व मळून काढले तर थेंब बारीक राहतात आणि त्यांत जंतूंची वाढ होण्यास वाव मिळत नाही. ताकाचा अंश राहिला किंवा पाण्याचे मोठे थेंब राहिले, तर तेथे जंतू व बुरशी यांचे फावते.

लोण्याचे शत्रू पाच आहेत : उष्णता, हवा, उजेड, धातू आणि परका वास. उष्णतेने लोणी मऊ होते, जंतू झपाट्याने वाढतात व स्निग्धांश फुटून खवटपणा येतो. हवेतील प्राणवायूचा स्निग्धांशाशी संयोग होऊन जुन्या चरबीसारखा वास येतो. उजेड, विशेषतः सूर्यप्रकाश, या क्रियेस चालना देतो. तांबे व लोखंड यांचा अंश लोण्यात उतरला तर तीच क्रिया कैक पटींनी जलद होते. त्यांतही तांबे अधिक घातक. शेवटचा शत्रू म्हणजे परका वास. स्निग्ध पदार्थ वास शोषून घेतो व धरून ठेवतो. कांदा, लसूण, सुकी मासळी, रॉकेल, फिनेल यांच्या शेजारी उघडे ठेवलेले लोणी काही तासांत तो वास घेते, आणि एकदा घेतलेला वास धुऊन जात नाही.

वरील प्रसंगात हे शत्रू एकाच वेळी जमले होते. डब्याच्या सांध्यांत मुरलेले जुने तेल खवट झालेले होते. तळाशी गंज होता. पंधरा किलो तेलाच्या डब्यात साडेसोळा लिटर जागा असते. त्यात बारा किलो लोणी भरल्याने वर सुमारे चार लिटर हवा राहिली व रस्ताभर लोणी तीत हिंदकळत गेले. शिवाय उन्हाळ्याची रात्र आणि गाडीच्या पोटातील ऊब. लोणी टिकले असते तरच नवल.

घरातील भांडी

आपल्याकडे लोणी ठेवण्याचे जुने भांडे म्हणजे मातीचे गाडगे, आणि त्याची जागा शिंक्यावर. ही पद्धत अडाणीपणाची नव्हे. कच्च्या मातीच्या भांड्याच्या छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते व भांडे गार राहते. शिंक्यामुळे मुंग्या, मांजर व चुलीची धग यांपासून बचाव होतो आणि वारा लागतो. परंतु याच छिद्रांत स्निग्धांशही मुरतो. तो धुऊन निघत नाही, काही दिवसांत खवट होतो, आणि नव्या लोण्यास जुन्याचे विरजण लागावे तसा प्रकार होतो. म्हणून मातीच्या गाडग्यात लोणी प्रत्यक्ष न ठेवता, पाण्याने भरलेल्या पसरट मातीच्या भांड्यात लोण्याचे झाकणबंद भांडे बसवावे व वरून ओले फडके गुंडाळावे. गारव्याचा लाभ मिळतो व खवटपणाचा धोका टळतो.

तांब्यापितळेची भांडी आपल्या घरांतून शतकानुशतके नांदली. त्यांत ताक ठेवले तर कळकते हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. कल्हई शाबूत असेल तोवर लोणी व तांबे यांचा स्पर्श होत नाही. कल्हई उडाली की लोण्यातील ओलसर आंबटपणा तांब्यास झोंबतो, कडेला हिरवट झाक येते आणि लोणी बिघडते. आता कल्हईवाला दारावर क्वचितच येतो. सबब लोण्यासाठी तांब्यापितळेचे भांडे न वापरणे हेच श्रेयस्कर. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादल्या व पिंपेही वापरू नयेत. आंबट पदार्थाने जस्त विरघळते.

ॲल्युमिनियमचे भांडे हलके व स्वस्त असले तरी मीठ घातलेले लोणी त्यात फार काळ ठेवू नये; मिठाने त्यास खड्डे पडतात. चिनी मातीची बरणी उत्तम, कारण ती वास धरीत नाही व उजेड आत येऊ देत नाही. मात्र तिचा मुलामा तडकलेला नसावा, आणि अन्नासाठी म्हणूनच बनविलेली बरणी घ्यावी; शोभेच्या भांड्यांच्या मुलाम्यात शिसे असू शकते. काचेची बरणी स्वच्छतेस सोपी, पण उजेड अडवीत नाही. ती अंधाऱ्या कपाटात किंवा कागद गुंडाळून ठेवावी. प्लॅस्टिकचे डबे घ्यावयाचे तर अन्नासाठी योग्य असल्याची पेला व काटा यांची खूण त्यांवर पाहावी, आणि तेल, लोणचे, मसाला वा औषध भरलेला जुना डबा कदापि वापरू नये. प्लॅस्टिकही वास शोषते. या सर्वांत लहान उत्पादकास सोयीचे, टिकाऊ व निर्धोक भांडे म्हणजे घट्ट झाकणाचा स्टेनलेस स्टीलचा डबा.

लाकडी पिंपांचे युग

लोणी घरात ठेवणे वेगळे व दूरदेशी पाठविणे वेगळे. दूर पाठविताना भांड्याने लोण्याचे रक्षण तर करावयाचे असतेच, शिवाय न पाहिलेल्या गिऱ्हाइकास विश्वासही द्यावयाचा असतो. थंड देशांनी हा प्रश्न कसा सोडविला हे पाहण्यासारखे आहे.

आयर्लंडमधील कॉर्क हे बंदर अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत लोण्याच्या व्यापाराचे जगातील एक प्रमुख केंद्र होते. तेथील व्यापाऱ्यांच्या समितीने १७७० च्या सुमारास लोण्याच्या बाजारास शिस्त लावली. शेतकरी आपले खारवलेले लोणी फर्किन नावाच्या लहान लाकडी पिंपात भरून आणीत. फर्किन हे एक मापही होते. लोण्याचे फर्किन म्हणजे ५६ पौंड, अर्थात सुमारे २५ किलो. रिकाम्या पिंपाचे वजन निश्चित असावे, पिंप कोणी बनविले हे त्यावर कोरलेले असावे, असे दंडक होते. बाजारात परीक्षक लांब गिरमिट पिंपात घालून आतपर्यंतचे लोणी उपसून पाहत, म्हणजे वर चांगले व खाली वाईट अशी लबाडी चालत नसे. मग प्रत ठरवून तिची खूण पिंपावरच उमटविली जाई. वेस्ट इंडीजसारख्या उष्ण प्रदेशांत जाणाऱ्या लोण्यात मीठ अधिक घालीत व पिंपे अधिक मजबूत करीत. दूरच्या गिऱ्हाइकाने कॉर्कचा शेतकरी कधी पाहिलेला नसे. तो पिंपावरच्या खुणेवर विश्वास ठेवून पैसे मोजीत असे.

हे पिंप वापरण्यापूर्वीची तयारीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. नव्या लाकडाचा वास व तुरटपणा लोण्यात उतरू नये म्हणून पिंपे उकळत्या पाण्याने शेकून मिठाच्या पाण्यात भिजवीत ठेवीत. लाकूड फुगून फटी बुजत आणि भिजलेले लाकूड स्निग्धांश शोषीत नसे. आमच्या गटाने डबा धुतला होता; या लोकांनी भांडे सिद्ध केले होते. दोहोंत मोठे अंतर आहे.

पुढे कॉर्कचा व्यापार ओसरला व १९२४ साली तो बाजार बंद झाला. त्याची कारणे अनेक आहेत. त्यांतील एक असे, की इंग्लंडच्या गिऱ्हाइकास आता कमी मिठाचे, ताज्या चवीचे व दरवेळी सारखे निघणारे लोणी हवे होते, आणि ते डेन्मार्कच्या सहकारी दुग्धशाळा देऊ लागल्या होत्या. डेन्मार्कचे लोणी बीच लाकडाच्या पिंपांतून जाई. १९०१ साली तेथील दुग्धशाळांनी लूर या प्राचीन रणवाद्याचे चित्र सामाईक खूण म्हणून नोंदविले आणि १९०६ च्या कायद्याने निर्यातीच्या लोण्यावर ती खूण सक्तीची झाली. हजारो लहान शेतकऱ्यांचे लोणी एका खुणेखाली, एका दर्जाने विकले जाऊ लागले.

न्यूझीलंडची अडचण याहून कठीण होती. त्या देशास इंग्लंडपर्यंत माल पोचविण्यासाठी विषुववृत्त ओलांडावे लागे. १८८२ च्या फेब्रुवारीत ‘डुनेडिन’ हे शीतगृहाची सोय केलेले जहाज तेथून निघाले व मे महिन्यात लंडनला पोचले. त्यातील मुख्य माल गोठविलेले मांस हा असला, तरी लोण्याची पिंपेही त्यात होती. थंडीचा प्रश्न असा सुटल्यावर भांड्याचा प्रश्न पुढे आला. तेथील काहिकाटेआ नावाच्या वृक्षाचे लाकूड पांढरे, हलके व जवळजवळ गंधहीन असते. त्या लाकडाच्या पेट्या करून त्यांत ५६ पौंड लोणी भरून पाठविण्याचा प्रघात पडला. चौकोनी पेट्या जहाजात गोल पिंपांपेक्षा कमी जागेत रचता येतात हाही लाभ होता. या पेट्यांसाठी त्या वृक्षाची विस्तीर्ण वने तोडली गेली. विसाव्या शतकात लाकडाऐवजी पुठ्ठ्याचे खोके आले. आज मोठ्या दुग्धशाळांत घाऊक लोणी २५ किलोच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरतात. जुन्या ५६ पौंडी पेटीच्या भाराशी हे माप जवळजवळ जुळते.

पत्र्याचा डबा आणि आपला देश

थंड देशांत लाकडी पिंप चालले, पण आपल्या उष्ण हवामानात लोणी लाकडात टिकणे कठीण. आपल्याकडे म्हणून लोण्याऐवजी तुपाचा व्यापार वाढला. पूर्वी तूप कातडी बुधल्यांतून बैलांच्या पाठीवर दूरवर जाई. पुढे ती जागा पत्र्याच्या डब्याने घेतली.

कथलाचा लेप दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या बंद डब्यात हवा व उजेड शिरत नाहीत आणि आतील लोणी मऊ झाले तरी बाहेर गळत नाही. या गुणामुळे उष्ण प्रदेशांत, विशेषतः सैन्यासाठी व जहाजांवर, डबाबंद लोणी मोठ्या प्रमाणावर वापरात आले. मीठ पत्र्यास खाते म्हणून अशा डब्यांस आतून संरक्षक लेप देण्याची पद्धत रूढ झाली. मात्र कथलाचा लेप खरवडला गेला की लोखंड उघडे पडते, गंज चढतो आणि डब्याचा गुण दोषात बदलतो. एकदा वापरलेला डबा कितीही घासला तरी नव्यासारखा होत नाही. किंबहुना घासण्यानेच त्याचा लेप निघतो. यास्तव एकदा वापरलेले पत्र्याचे डबे अन्न भरण्यासाठी पुन्हा वापरू नयेत असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन-नियमांचा दंडक आहे. वर्तमानपत्राच्या कागदात अन्न गुंडाळण्यासही त्याच नियमांनी मनाई केली आहे, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. स्निग्ध पदार्थात ती विशेष लवकर उतरते.

आपल्याकडील कारखानी लोण्याचा इतिहास जुन्या मुंबई राज्याशी जोडलेला आहे. आणंद येथे पॉलसन कंपनीची दुग्धशाळा १९३० च्या सुमारास उभी राहिली व तिच्या लोण्यास मुंबई ही मोठी बाजारपेठ मिळाली. तेथील दूध उत्पादकांनी १९४६ साली आपला सहकारी संघ नोंदविला, १९५५ साली त्यांची स्वतःची दुग्धशाळा सुरू झाली आणि अमूल हे नाव घरोघरी गेले. गावोगावच्या शेतकऱ्यांचे दूध एकत्र आणून, एका दर्जाचे लोणी एका खुणेच्या वेष्टनात विकण्याचा डेन्मार्कचा धडा आपल्या भूमीत रुजला तो येथे.

कागद, खोका आणि थंडी

आजचे वेष्टन वरवर साधे दिसले तरी त्यामागे वरील पाचही शत्रूंचा विचार आहे. लोण्याच्या वडीभोवती असलेला कागद साधा नसतो. कागदावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून त्यातील तंतू एकजीव करतात. असा चर्मपत्री कागद ओला होऊनही फाटत नाही आणि स्निग्धांश बाहेर झिरपू देत नाही. त्यास ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख जोडला की उजेड व हवाही अडते. बाहेरचे पुठ्ठ्याचे खोके आकार व भार सांभाळते. घाऊक खोक्यात आतून अन्नयोग्य प्लॅस्टिकचे अस्तर असते व त्यात लोणी हवेची पोकळी न राहू देता दाबून भरतात. दीर्घ साठवणीसाठी ते उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून खालच्या तपमानास ठेवतात.

येथे एक गणित ध्यानात घ्यावे. दहा सेंटिमीटर बाजूचा लोण्याचा चौकोनी ठोकळा घेतला तर त्याची हवेस लागणारी बाजू ६०० चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच पाच सेंटिमीटरचे आठ तुकडे केले तर ती १,२०० होते. लोणी तेवढेच, पण हवेचा मारा दुप्पट. म्हणून विक्रीच्या वेळेपर्यंत मोठा गोळा फोडू नये.

लहान उत्पादकाने काय करावे ?

मोठ्या दुग्धशाळेची यंत्रे खेड्यातील गटास परवडणारी नाहीत, परंतु त्यांमागील तत्त्वे पाळण्यास खर्च थोडाच येतो. आमच्या गटाने पुढे पाळलेला क्रम येथे देतो.

पहिली गोष्ट भांड्याची शुद्धी. स्निग्ध भांडे थंड पाण्याने धुणे व्यर्थ आहे. प्रथम कढत पाण्याने चिकटलेला अंश सुटा करावा, मग धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने घासावे. ॲल्युमिनियमच्या भांड्यास मात्र सोडा लावू नये. नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा विसळून उकळत्या पाण्याने शेकावे आणि पालथे घालून उन्हात पूर्ण वाळवावे. ओल्या भांड्यातील पाण्याचे थेंब बुरशीस आमंत्रण देतात.

दुसरी गोष्ट झाकणाची परीक्षा. कोरडे, रिकामे भांडे झाकण लावून रात्रभर ठेवावे व सकाळी उघडताक्षणी हुंगावे. कोणताही वास आला, मग तो साबणाचा का असेना, तर ते भांडे लोण्यास अयोग्य समजावे. या परीक्षेस एक पैसाही लागत नाही. त्या एप्रिल महिन्यात मी ती करावयास सांगितली असती तर २४ किलो लोणी वाचले असते.

तिसरी गोष्ट भरणी. लोणी थंड पाण्याने, धुण्याचे पाणी नितळ निघेपर्यंत धुवावे व मळून पाणी काढून टाकावे. भांडे आधी गार करून घ्यावे. थोडे थोडे लोणी घालून स्वच्छ लाकडी मुसळीने दाबीत जावे, म्हणजे हवेची पोकळी राहत नाही. भांडे काठोकाठ भरेल असेच माप निवडावे. अर्धवट भरलेल्या मोठ्या डब्यापेक्षा पूर्ण भरलेले दोन लहान डबे बरे. वर अन्नयोग्य स्निग्धरोधक कागद लोण्यास चिकटून बसवावा आणि मग झाकण लावावे.

चौथी गोष्ट वजन व खूण. रिकाम्या भांड्याचे वजन भांड्यावरच कायमचे नोंदवावे, म्हणजे दुकानात धडा करताना वाद होत नाही. चिठ्ठीवर उत्पादकाचे किंवा गटाचे नाव, पदार्थाचे नाव, निव्वळ वजन, तयार केल्याची व वापरण्याच्या मुदतीची तारीख आणि अन्न परवान्याचा अथवा नोंदणीचा क्रमांक लिहावा. विक्री करणाऱ्या प्रत्येक लहान उत्पादकास ही नोंदणी आवश्यक आहे. कॉर्कच्या पिंपावरील खुणेचे जे काम, तेच या चिठ्ठीचे.

पाचवी गोष्ट प्रवास. लोणी निदान एक रात्र शीतकपाटात ठेवून घट्ट करावे व मगच बाहेर काढावे. मासळीच्या व्यापारात वापरतात तशी जाड भिंतीची बर्फपेटी घ्यावी. मात्र ती नवी असावी, मासळीची वापरलेली नव्हे. तळाशी व बाजूंस बंद पिशव्यांतील बर्फ रचून मध्ये डबे ठेवावेत. बर्फाचे पाणी लोण्यास लागता कामा नये. माल रात्री किंवा पहाटे पाठवावा, गाडीत यंत्राच्या उबेपासून दूर ठेवावा आणि उतरून घेणाऱ्यास वेळ आधीच कळवावी. स्टँडवर उन्हात तासभर पडलेली पेटी सगळ्या रात्रीची काळजी फुकट घालविते.

घरच्या साठवणीत बिनमिठाचे लोणी शीतकपाटात ठेवूनही आठवड्याच्या आत वापरावे. उन्हाळ्यात थंडीवाचून ते एक दिवसाहून अधिक ठेवण्याचा मोह धरू नये.

थंडीची सोय नसेल तर

ज्या गावी वीज भरवशाची नाही किंवा बाजार एका रात्रीहून दूर आहे, तेथे लोणी पाठविण्याचा हट्ट सोडून तूप करावे. हा पराभव नव्हे. तुपात पाण्याचा अंश अर्ध्या टक्क्याहून अधिक नसतो. त्यामुळे जंतूंस थारा मिळत नाही व ते साध्या तपमानास महिनोन्‌महिने टिकते. परंतु जंतूंपासून सुटले तरी हवा, उजेड, धातू व परका वास हे चार शत्रू तुपाचेही आहेत. म्हणून बेरी नीट गाळून काढावी, तूप कोमट झाल्यावर कोरड्या, निर्गंध व अपारदर्शक भांड्यात काठोकाठ भरावे आणि झाकण हवाबंद करावे. बिघडलेल्या लोण्याचे चांगले तूप होते हा समज चुकीचा आहे. कढविण्याने पाणी जाते, खवटपणा जात नाही. तूप करावयाचे तर लोणी ताजे असतानाच करावे.

त्या गटाने पुढील हिवाळ्यात वर्गणी काढून स्टेनलेस स्टीलचे घट्ट झाकणाचे डबे व एक बर्फपेटी घेतली. प्रत्येक डब्यावर त्याचे वजन कोरून घेतले. त्याच दुकानदारास पुन्हा विचारण्याचा धीर कोणी करीना; शेवटी मावशी स्वतः अर्धा किलो नमुना व रिकामा डबा घेऊन गेल्या, आणि त्यांनी दुकानदारास आधी डबा हुंगावयास लावला, मग लोणी चाखावयास दिले. मागणी परत मिळाली. उन्हाळ्याचे दोन महिने गट लोणी पाठवीत नाही, त्या काळात तूप करतो, हा नियमही त्यांनीच ठरविला.

आपल्या गावात लोण्याचा धंदा करणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींनी हा लेख वाचून एवढे तरी करावे : आज घरातील लोण्याचे भांडे रिकामे करून धुवावे, वाळवावे, झाकण लावून ठेवावे व उद्या पहाटे उघडून त्याचा वास घ्यावा. पुढे काय करावयाचे ते त्या भांड्यावरूनच कळेल.